खोक्याचं पोस्टमार्टम

जळगाव जिल्ह्यातल्या रावेरच्या पॅकिंग शेडमध्ये केळीचा खोका म्हणजे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला एक नग. ‘बिल ऑफ मटेरियल’ उघडलं की पोटातलं सगळं बाहेर: पुठ्ठा, फोम, प्लॅस्टिकची पिशवी, 13 किलो केळी, चिकटवायचं स्टिकरसुद्धा. पुठ्ठ्याचा दर कारखान्याच्या बिलावरून, पैशापर्यंत चोख. केळीचा? तो मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरच्या लिलावाकडे बघून. (केळीचं 2016चं भौगोलिक मानांकन तेवढं जळगावचं.)

शेतकऱ्यानं विचारलं, “भाऊ, रात्रीची लाइट आली म्हणून मोटार चालू करायला दोनला उठलो, ते कुठल्या रकान्यात?”

मुनीम मान वर न करता म्हणाला, “त्याचं जीएसटी बिल आहे का?”

तेवढ्यात स्टॉकात चार स्टिकरं कमी निघाली आणि अख्खी शेड ती शोधायला ओणवी झाली.