काका, काकू, बंडू आणि अर्धा ट्रक

भोपाळच्या पिपलानीत मराठी माणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात. सोनागिरी-इंद्रपुरीत बांधून ठेवलेल्या घराच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत राहायचं, नाहीतर मुलगा पुण्यात आहे म्हणून चंबूगबाळं आवरून पुणं गाठायचं. दुसरी वाट धरणाऱ्यांत एक खास जात आढळते. तिला प्रत्यक्ष जाण्यापेक्षा जाण्याच्या आखणीत गोडी जास्त. तिकडे सून खोली रंगवून वाट बघत असते आणि इकडे हे महाशय पिपलानीच्या बाजारात किराणावाल्याला बजावत असतात, "बिस्किट का खोका खाली होगा तो फेकना मत. हमको चाहिए."

आमच्या गल्लीतले काका हे या जातीचं अस्सल वाण. 1960 साली, म्हणजे पंडित नेहरूंनी इथला भेलचा कारखाना देशाला अर्पण केला त्याच वर्षी, त्यांचा जन्म. (त्याच वर्षी महाराष्ट्रही झाला, पण काका तो योगायोग तिसऱ्या क्रमांकावर सांगतात.) वडील याच कारखान्यात, मग काकाही तिथेच, प्लॅनिंग खात्यात. शे-दोनशे टनांचा ट्रान्सफॉर्मर कारखान्याच्या गेटातून निघून आसामात किंवा केरळात पोचेपर्यंत कोणता पूल पेलेल, कुठल्या वळणावर ट्रेलर अडेल, कुठली तार उचलून धरावी लागेल, हे सगळं ज्यांनी कागदावर बघितलं, त्यांना दोन खोल्यांचं सामान पुण्याला धाडायला कितीसा वेळ लागणार? सव्वा वर्ष लागलं.

कंपनीच्या एका जुन्या डायरीवर त्यांनी 'प्रोजेक्ट पुणे' असं लिहिलं. आत रकाने. सामान, वजन, घनफळ, शेरा. गोदरेजचं कपाट, सागवानी दिवाण, पाटा-वरवंटा, सासूबाईंचं पितळी घंगाळ, आणि भोपाळी पत्र्याचा तो अजस्र कूलर, जो सुरू झाला की टीव्हीवरच्या बातम्या फक्त बघता येतात. काकू म्हणाल्या, "हा कूलर पुण्यात कशाला?" काका म्हणाले, "मोटर नवीन आहे." या वाक्यावर प्लॅनिंग खात्यात अपील नसतं.

पॅकर्स-मूव्हर्सवाले सामान बघायला येत तेव्हा काका माळ्याचं दार लावून घेत आणि मागच्या खोलीत 'कोणी आजारी आहे' असं सांगत. भाव कमी यावा म्हणून. एकाने तर निघताना आजारी माणसाची चौकशी केली. काकूंनी आत जाऊन उगाच खोकून दाखवलं. प्रत्येकाचा आकडा डायरीत लाल शाईने चढे, आणि आकडा सांगणारा गेट ओलांडतो न ओलांडतो तोच काका म्हणत, "लुटारू." सगळ्यांना चहा मात्र व्हायचा. त्या चहाचा रकाना डायरीत नाही, ही काकूंची जुनी तक्रार.

मला काकांचा हा स्वभाव हळूहळू उमगला. पैसे वाचवणं हे त्यांच्या लेखी दुय्यम. कुणीतरी सांगितलेला भाव आपण मुकाट्याने दिला, ही नामुष्की त्यांना सोसत नाही. त्यासाठी पदरचे दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. कोपऱ्यावरच्या दुकानात सुतळी महाग म्हणून त्यांनी स्कूटर काढली आणि थेट जुन्या भोपाळात जाऊन सुतळी आणली. पेट्रोल वेगळ्या खात्यात.

रायसेन रोडवर, पिपलानीपासून जवळच, कोकत्याचं ट्रान्सपोर्टनगर आहे. काकांच्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे दिवस त्यांनी निवृत्तीनंतर तिथे घालवले असं मला वाटतं. नाशिककडून कांदा, द्राक्षं घेऊन येणारी गाडी इथे रिकामी होते, आणि रिकामी परत जाण्यापेक्षा मिळेल त्या भाड्यात माल उचलते. ड्रायव्हर तिला वापसीची गाडी म्हणतात. काका तिथल्या चहाच्या टपरीवर बसून नंबरप्लेटी वाचत. एमएच दिसली की उठायचे. "पुणे जाओगे? आधी गाड़ी." शेवटी एक आयशर मिळाली, निम्म्यात सोयापेंड आणि निम्म्यात काकांचा संसार अशा करारावर. आपल्या पोल्ट्रीवाल्यांची कोंबडी मध्य प्रदेशच्या सोयाबीनवर पोसली जाते, हे मी ऐकून होतो. काकांचा सोफा सोयापेंडीबरोबर प्रवास करील असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

ट्रकचा प्रश्न सुटला. डायरीत एक नोंद तेवढी उरली. बंडू.

बंडू लॉकडाऊनच्या साली आला, काका निवृत्त झाले त्याच वर्षी. अंगाने बदामी, एक कान उभा, एक पडलेला. जात विचारली तर काका "देशी" म्हणतात आणि काकू "पिपलानी सी सेक्टर". पहिल्या दिवशी काकांनी "ही भानगड आपल्याकडे नको" असं जाहीर केलं होतं. आठवड्याच्या आत अर्धा लिटर दूध वाढलं. जमाखर्चात मात्र बंडूला अजूनही स्वतःचं नाव नाही. त्याचं दूध, त्याची इंजेक्शनं, त्याने खाल्लेली चप्पल, सगळं 'किरकोळ' मध्ये. काकांचं किरकोळ खातं किराण्याच्या बरोबरीला आलं तरी ते किरकोळच राहिलं.

गल्लीतल्या लोकांनी सरळ उपाय सुचवला. "यहीं छोड़ दीजिए काकाजी, मोहल्ले का कुत्ता है, पल जाएगा." काका रागावले नाहीत. त्यांनी डायरी उघडली. "रेबीजची लस फेब्रुवारीतच दिली आहे. वर्षभराची आहे. इथे सोडलं तर दहा महिने वाया जातात." यावर कोण काय बोलणार? समोरचे पंडितजी म्हणाले, धर्मराजानेही कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात पाय ठेवला नव्हता. काका म्हणाले, "त्यांचं भाडं इंद्र देत होता."

मग भाड्याचा अभ्यास सुरू झाला. आधी विमान. एका कंपनीने कुत्रा घेतच नाही म्हणून सांगितलं, दुसरीने जो आकडा सांगितला तो काकांनी डायरीत लिहिलासुद्धा नाही; शाई वाचवली. मग रेल्वे. काका पार्सल ऑफिसात नियम विचारून आले ते लालबुंद होऊन. कुत्रा डब्यात सोबत हवा असेल तर फर्स्ट एसीचंच तिकीट, आणि त्यातही दोन किंवा चार बर्थचा आख्खा कप्पा आपल्या नावावर पाहिजे. टू टियर, थ्री टियर, स्लीपर यांत कुत्र्याला मज्जाव. सहप्रवाशाने हरकत घेतली की कुत्र्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. हे सगळं काकांनी शांतपणे ऐकून घेतलं असतं. पण पुढे भाड्याचा नियम आला. डब्यात नेलं तर 60 किलो सामानाचं भाडं, पेटीतून नेलं तर 30 किलोचं.

काकांनी त्या सकाळीच बंडूचं वजन केलं होतं. आधी वजनकाट्यावर एकटे उभे राहिले, मग बंडूला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी केली. 17 किलो.

"साहब, कुत्ता सत्रह किलो का है."

"नियम में साठ है."

"तो बाकी तैंतालीस किलो में बर्तन रख दूँ?"

खिडकीतला माणूस सज्जन निघाला. तो म्हणाला, "दादा, पीछे लाइन है." पण काकांना ते लागलं ते लागलंच. रेल्वे इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटरी भोपाळच्या भेलमध्ये तयार होतात, आणि त्याच इंजिनाने आपल्या बंडूच्या डोक्यावर 43 किलोचा भुर्दंड टाकावा! पेटीचा पर्याय स्वस्त होता. अर्ध्याहून कमी. काकांनी प्लॅटफॉर्मवर जाऊन, एक गाडी थांबलेली असताना, ती पेटी बाहेरून बघितली. परत आले आणि डायरीत शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : 'हवा खेळती नाही.' आकड्यांच्या त्या डायरीत आकडा नसलेला हा एकच शेरा. त्यानंतर रेल्वेचं पान त्यांनी चिकटवून टाकलं.

उरली त्यांची जुनी वॅगनआर.

भोपाळ ते पुणे रस्त्याने जवळपास 800 किलोमीटर. आष्टा, देवास, इंदूर, मानपूरचा घाट, खलघाटला नर्मदा, सेंधवा, बिजासनचा घाट उतरलं की महाराष्ट्र, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड, शिर्डी, अहिल्यानगर. काकांनी नकाशावर नातेवाइकांच्या खुणा केल्या. चहा इंदूरच्या मावशीकडे, मुक्काम धुळ्याच्या मामेभावाकडे, दुसऱ्या दिवसाचं जेवण कोपरगावच्या व्याह्यांकडे. हॉटेलचा खर्च शून्य. मामेभावाच्या बायकोने फोनवर अट घातली, कुत्रा घरात येणार नाही, गच्चीवर बांधायचा. काका लगेच कबूल.

मग त्यांच्या हाती प्राणी वाहतुकीचे 1978 चे नियम लागले. केंद्र सरकारने कुत्र्या-मांजरांच्या प्रवासाचाही विचार करून ठेवला आहे. पशुवैद्यकाचा दाखला हवा. पाणी उन्हाळ्यात दर चार तासांनी, हिवाळ्यात दर सहा तासांनी. काकांनी ते पान छापून डॅशबोर्डवर चिकटवलं. काकू शांतपणे वाचून म्हणाल्या, "माणसांच्या पाण्याचं काही लिहिलंय का यात?"

निघाले एप्रिलमध्ये. पेट्रोल वाचावं म्हणून एसी लावायचा नाही, असं डायरीत ठरलेलं. आष्टा येईस्तोवर बंडूची जीभ हातभर बाहेर आली आणि काकांनी काही न बोलता एसीचं बटण दाबलं. मागच्या सीटवर, शरबती गव्हाच्या पोत्याला टेकून (सिहोरचा शरबती सोडून भोपाळचा मराठी माणूस पुण्याला जात नसतो) काकू म्हणाल्या, "लग्नानंतर माहेरी नेलंत तेव्हा तर मे महिना होता. खिडकी उघडी ठेव म्हणाला होतात." काकांनी सांगितलं, तेव्हा गाडीला एसी नव्हता. ते खरं आहे. तेव्हा गाडीच नव्हती, एसटी होती.

धुळ्याला बंडूला गच्चीवर बांधलं. मध्यरात्री मामेभाऊ पाणी प्यायला उठला तर दिवाणावर काका नाहीत. वर जाऊन बघतो तो सतरंजीवर काका, शेजारी बंडू, दोघेही घोरताहेत. सकाळी काका म्हणाले, धुळ्याला गच्चीवर हवा फार छान लागते. एप्रिलातल्या धुळ्याच्या हवेबद्दल असं बोलणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

पुण्यात वारज्याच्या सोसायटीशी लढाई निघण्याआधीच जुंपली होती. नोटीस बोर्डावर 'प्राण्यांनी लिफ्ट वापरू नये' असं होतं, जणू ते प्राण्यांनी वाचायचं होतं. काकांनी पिपलानीतूनच रजिस्टर पत्र धाडलं. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना, त्यांत लिफ्टबद्दलचा उल्लेख, राज्यघटनेचा अनुच्छेद 51क आणि त्यातलं प्राणिमात्रांविषयी दया बाळगण्याचं मूलभूत कर्तव्य, शिवाय महापालिकेचा कुत्रा पाळण्याचा परवाना आल्या आल्या काढण्याची हमी. पण सेक्रेटरीही निवृत्तच, बँकेतले. त्यांनी चार पानी उत्तर दिलं, मुद्देनिहाय. काकांनी पाच पानी दिलं. आता दोघं रोज सकाळी बरोबर फिरायला जातात, बंडूचा पट्टा आळीपाळीने धरतात आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका माणसाविरुद्ध मिळून अर्ज लिहितात.

ट्रक सामान घेऊन दोन दिवस उशिरा पोचला. काहीच फुटलं नव्हतं, हे प्लॅनिंगचं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. सोफ्याला मात्र सोयापेंडीचा वास लागला तो लागलाच. सून रोज उदबत्ती लावते. बंडूला तो सोफा फार आवडतो.

हिशेब पूर्ण झाल्यावर काकांनी मला फोन करून वाचलेली रक्कम सांगितली. रक्कम मोठी होती. मागून काकूंचा आवाज येत होता. सगळ्यांचा चहा, स्कूटरचं पेट्रोल, सुतळी, टपरीवरच्या सव्वा वर्षाच्या चकरा, मालेगावात बदललेला टायर, ट्रक येईपर्यंत विकत आणलेल्या दोन गाद्या. ती बेरीज वजा केल्यावर काय उरलं, ते काकांनी सांगितलं नाही. बंडूचा खर्च अजून किरकोळमध्येच आहे.

पिपलानीतून कुत्र्यासह पुण्याला निघणाऱ्यांनी काकांचा सल्ला जरूर घ्यावा. तो फुकट आहे आणि लांब आहे. वेळ नसेल तर माझं एवढं ऐका. कुत्र्याचा दाखला निघायच्या आदल्या दिवसाचा घ्या, रेल्वेचे नियम स्वतः विचारून खात्री करून घ्या, सोयापेंड चढलेल्या गाडीत सोफा देऊ नका. आणि कूलर इथेच विका. काकांचा वारज्याच्या बाल्कनीत उभा आहे, त्यात कांदे ठेवतात.