खारीचा वाटा

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी. तिकडून नको, तिथे ओल आहे, चपला भिजतील. आणि आवाज लहान ठेवा. आमचे हे डेकवर बसलेत, डोळ्यांपुढे पेपर धरलाय पण कान इकडेच आहेत.

काल डॉक्टरीणबाईंकडे काय तमाशा झाला म्हणून सांगू! तुम्ही आला नाहीत ना, सर्दी झाली होती म्हणे. बरी आहे आता? बघा, एक दिवस आला नाहीत आणि नेमकं तेव्हाच... पण नाही, पहिल्यापासून सांगते, नाहीतर मजा नाही.

कोपऱ्यावरच्या काकांचा पहिला फीडर आठवतो ना, तो प्लॅस्टिकचा नळकांड्यासारखा? खारीने खालून असा कुरतडला की दाण्यांची नुसती धार. काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "जन्मभर पूल बांधलेत तुम्ही, आणि एवढीशी खार आवरत नाही?" काकांचा चेहरा अस्सा उतरला! मी आपली चहाच्या कपात बघत बसले. काय करणार, हसू आवरत नव्हतं हो.

एवढीशी म्हणजे तरी कसली एवढीशी! ही इथली राखाडी खार चांगली अर्ध्या किलोची. आपल्याकडची चिंचेवरची खारूताई हिच्या शेजारी म्हणजे उंदीर वाटेल. पाठीवर पट्टेही नाहीत. आमचे हे म्हणाले, सेतू बांधायला न्यू जर्सीहून कोण जाणार, मग रामाची बोटं उमटायची कशी! आणि मागचे पाय तर घोट्यातून उलटे फिरतात मेलीचे, म्हणून डोकं खाली करून सरसर उतरते. बघितलंय ना तुम्ही? बघितलं असेलच.

तर काय सांगत होते... हां, व्हॅसलीन! मग काकांनी खांबाला व्हॅसलीन फासलं. खार सुर्रकन घसरली, काकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात डॉक्टरीणबाई फिरायला निघालेल्या. त्या ओरडल्याच, "काका, ते पिसांना लागलं की चिकटून बसतं, पक्ष्याला पिसं साफही करता येत नाहीत आणि नीट उडताही येत नाही!" काका निमूट आत गेले आणि फडकं घेऊन आले. सगळा खांब पुसेपर्यंत बाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

पुढची कल्पना मात्र माझी, खोटं कशाला बोलू. तिखट! नातवानेच सांगितलं की पक्ष्यांना तिखट लागतच नाही. मिरचीची ती आग त्यांच्या जिभेला कळत नाही, खारीला मात्र आपल्यासारखीच झोंबते. म्हटलं, मग प्रॉब्लेम काय? मी बॅगेतून आणलेलं लवंगी मिरचीचं तिखट दिलं की दाण्यांत कालवून. आणि वाऱ्याची झुळूक आली हो! खार राहिली बाजूला, काका आणि आमचे जावई दोघंही डोळे चोळत अंगणभर नाचताहेत. मुलगी नुसती बघत होती माझ्याकडे. बोलली काही नाही, पण त्या दिवसापासून डबा वरच्या फळीवर गेलाय.

मग आलं ते पाच-सात-नऊ. काकांचा त्यावर फार जीव. खांबाला मध्ये एक छत्री लावायची, बॅफल म्हणतात, ती जमिनीपासून पाच फुटांवर. झाड, भिंत, कठडा, जे काही असेल ते सात फूट लांब. आणि वर फांदी असली तर ती नऊ फूट उंच. काका टेप घेऊन दोन दिवस मोजत होते, काकू दुसरं टोक धरून उभ्या. सगळं जमलं बरं का, खार छत्रीखाली येऊन वर बघायची आणि परत उतरायची. आणि तिसऱ्या दिवशी नातवंडांचा झोपाळा आणून ठेवला त्यांच्याच सुनेने, अगदी चार फुटांवर! झोपाळ्यावरून उडी, थेट फीडरवर. सून म्हणाली, "बाबा, मला कुठे माहीत तुमचं गणित?" काका काही बोलले नाहीत. सुनेला काय बोलणार?

त्यानंतरचा तो महागाचा, वजनाचा. कार्डिनल, तो लाल तुरेवाला, पन्नास ग्रॅमचाही नाही, तो बसला तर खिडकी उघडी. खार बसली की वजनाने झडप बंद. आठ दिवस बरे गेले. मग ती शहाणी मागच्या पायांनी छपराला लटकली, दांडीवर वजनच टाकलं नाही, आणि खाली डोकं करून जेवली!

नातवाने मला व्हिडिओ दाखवला. तो मार्क रोबर, पूर्वी नासात इंजिनिअर होता, त्याने 2020 साली लॉकडाऊनमध्ये आपल्या बागेत खारींसाठी चक्क अडथळ्यांची शर्यत बांधली. त्या खारींनी तीही पार केली. मी काकूंना म्हटलं, काकांना हा दाखवा, बरं वाटेल जरा. त्यांनी दाखवला. काका रात्री जेवले नाहीत म्हणे.

आणि ढोंगी किती! कुणी बघतंय असं वाटलं की खोटंच खणते, खोटीच माती सारते, आणि दाणा असतो तोंडातच. मला आमच्या एका चुलतसासूबाई आठवल्या... जाऊ दे, त्या आता नाहीत.

तर काय सांगत होते... करडई! शेवटी उपाय निघाला तो आपल्याच माजघरातला हो. दुकानात पिशवीवर सॅफ्लॉवर लिहिलेलं. मी मूठभर हातात घेतलं आणि म्हटलं, अगं बाई, ही तर करडई! आमचं माहेर परभणीकडचं, करडईचं तेल आणि कोवळ्या पाल्याची भाजी यांवर वाढलो आम्ही. तिचं टरफल कडक, चव कडू, खार सहसा तोंड लावत नाही, कार्डिनल मात्र आवडीने फोडून खातो. शेजारच्या पिशवीत बारीक काळे दाणे, नाव नायजर. ते तर कारळेच! आपण चटणी वाटतो ते. भारतातून, इथिओपियातून येतात, उगवू नयेत म्हणून तापवून. ते पिवळे गोल्डफिंच त्यावर तुटून पडतात. आपला हरियाल तसा हा न्यू जर्सीचा राज्यपक्षी. उन्हाळ्यात हळदीसारखा होता, आता ऑक्टोबरात जरा मळकट दिसतोय.

काकांनी एका फीडरात करडई, एकात कारळे भरले. झोपाळा हलवला. सगळं शास्त्रशुद्ध. आणि तरी खार रोज सकाळी हजर! करडईला शिवत नाही, कारळ्यांकडे बघत नाही, मग येते कशाला? काकांची झोपच उडाली. त्यांनी मग कॅमेऱ्याचा फीडर आणला. पक्षी बसला की मोबाइलवर फोटो येतो, वर त्याचं नावसुद्धा सांगतो.

आता कालचं ऐका. पोहे झाले, चहा झाला, आणि काका खारींवर घसरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, शहरात ह्यांना माणसांनीच आणलंय. 1847 साली फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन स्क्वेअरमध्ये कौतुकाने तीन खारी सोडल्या, 1877 साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सोडल्या. इंग्लंडमध्ये नेऊन सोडल्या, तर तिथल्या तांबड्या खारींवर संक्रांत आली." नागपूरच्या वहिनी म्हणाल्या, "आपण तर शेकरूला राज्यप्राणी केलंय, भीमाशंकरला तिच्यासाठी अभयारण्य आहे." काका एकदम उठले. म्हणाले, "कौतुक करणारे अजून आहेत. बघायचंय?" आणि फोटो सरळ टीव्हीवर लावला!

सकाळी आठ. फीडरच्या ताटलीत चार भुईमुगाच्या शेंगा. आणि त्या ठेवणारा एक हात. पाटल्या, मध्ये हिरव्या काचेच्या बांगड्या. चेहरा नाही, नुसता हात.

टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आणि मग बघते तर जमलेल्या सगळ्या बायकांनी हळूच हात जॅकेटच्या बाहीत ओढून घेतले! मीसुद्धा! मी काही केलं नव्हतं, तरी हो. काकू तेवढ्या हसत होत्या, पण तोंडावर रुमाल धरून.

काका म्हणाले, मला फक्त नाव हवंय. कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही.

...अहो, जाता कुठे? थांबा ना. आणि तो खिसा किती फुगलाय तुमचा. मागच्या शुक्रवारी ओक ट्री रोडवरून तुम्ही पाच पौंड शेंगा आणल्यात, मी म्हटलं, दोघं डाएटवाली मुलं आणि एवढ्या शेंगा खाणार कोण?

काय म्हणता? आठला मुलगा-सून दोघं बाहेर पडतात आणि मग घर खायला उठतं... हो, ते मला नका सांगू, मलाही माहितेय. ती एकटी वेळेवर येते म्हणता? शेपूट तुटकी असलेली, तीच ना? मी पण बघते तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

मी कशाला सांगू कुणाला? मी कधी कुणाचं काही सांगते का? दाणे काकांचे, पैसे काकांचे, तुम्ही आपला खारीचा वाटा खारीला दिलात. पण ऐका, काकांच्या फीडरवर नका ठेवू. आमच्या मागच्या कठड्यावर ठेवा. आणि त्यातल्या दोन इकडे द्या, बाई. उद्या तुम्ही आलात की मीही एक ठेवीन.

साडेसातला या. आमचे हे तेव्हा दाढी करत असतात.