लोकरमावशी

लोकरमावशी हा मराठी मध्यमवर्गीय घरांत बाराही महिने आढळणारा प्रकार आहे. विणणाऱ्या बायका पुष्कळ असतात. त्यांतून लोकरमावशी ओळखण्याची खूण एकच. इतर बायका स्वेटर करायचा म्हणून लोकर आणतात, लोकरमावशी उरलेली लोकर संपवायची म्हणून स्वेटर करतात. तो स्वेटर कोणाला होईल हा प्रश्न पुढचा. तो बहुधा गळ्याशी आल्यावर, घरात त्या मापाचे कोण आहे हे पाहून सोडवला जातो.

नाशिक, नागपूर, पुणे या गावांत थंडी पडते, तेव्हा तिथल्या मावशींचे समर्थन करता येते. पण डोंबिवली, ठाणे, पनवेल या पट्ट्यातही त्यांची संख्या कमी नाही. तिथे स्वेटर घालायचे दिवस वर्षाकाठी एका हाताच्या बोटांवर मोजता येतात आणि त्यांतलेही दोन सहलीला गेल्यामुळे मिळतात. यावरून एवढेच सिद्ध होते, की विणकामाचा थंडीशी संबंध असलाच तर तो दूरच्या नात्यातला आहे.

लोकर उरण्याचे मूळ दुकानात आहे. गुंडीवरच्या कागदी पट्टीवर दोन आकडे छापलेले असतात, एक रंगाचा आणि दुसरा लॉटचा. रंग तोच असला तरी दोन लॉटांत छटेचा बारीक फरक पडतो. गुंड्या शेजारी ठेवल्या तर तो कळतही नाही. विणून झाल्यावर मात्र बरोबर पाठीवर पट्टा उमटतो. म्हणून दुकानदार सांगतो, ‘काकू, एक गुंडी जास्तीची न्या, नंतर हा लॉट मिळायचा नाही.’ हा सल्ला प्रामाणिक असतो आणि दुकानदाराच्या फायद्याचाही असतो. असा योग बाजारात क्वचितच येतो. मोठ्या माणसाच्या स्वेटरला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम लोकर लागते. मावशी ५५० ग्रॅम घेतात आणि शेवटी साठेक ग्रॅम हातात उरते. हे वजन फार अडचणीचे आहे. टाकून द्यावे तर जीव होत नाही, आणि स्वेटर म्हणावा तर एक बाहीही होत नाही.

अशा शिलकी गुंड्या दिवाणाच्या पोटात, साडीच्या दुकानांच्या पिशव्यांत आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत साठत जातात. घरात नव्याने आलेली सून मोठ्या आशेने डबा उघडते आणि आत केशरी रंगाच्या तीन गुंड्या पाहून काहीही न बोलता झाकण लावते. कसर लागू नये म्हणून प्रत्येक पिशवीत डांबरगोळ्या टाकलेल्या असतात. वास्तविक कसर खऱ्या लोकरीला लागते, ॲक्रिलिक तिच्या पोटात चालत नाही. आणि बाजारात ‘लोकर’ म्हणून जे सर्रास मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिकच असते. पण ही माहिती मावशींना सांगण्याचे धाडस घरात अजून कोणी केलेले नाही.

मावशींना स्वतःला फरक कळत नाही असे मात्र नाही. कागदी पट्टी हरवलेली गुंडी निघाली, की तिची परीक्षा होते. संध्याकाळी दिवा लावून झाला की मावशी गुंडीचा बोटभर तुकडा कापतात, चिमट्यात धरतात आणि निरांजनावर नेतात. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर खरी लोकर. धागा वितळून टोकाला टणक मणी झाला, तर ॲक्रिलिक. बाहेरच्या खोलीतून ‘अगं, काय जळतंय?’ अशी विचारणा होते. ‘काही नाही, तुम्ही बसा तिथेच,’ असे उत्तर जाते. ही परीक्षा हौसेची नव्हे. खरी लोकर गरम पाण्यात घुसळली तर आटते आणि तिचे धागे एकमेकांत गच्च बसतात; ॲक्रिलिक आटत नाही. दोन्ही एकाच स्वेटरात आले आणि तो चुकून गरम पाण्यात पडला, तर एक बाही थोरल्या नातवाला आणि दुसरी धाकट्याला बसेल असे वस्त्र तयार होते.

यानंतर गणित येते. मावशींचा शाळेतला गणिताचा अनुभव कसाही असो, या शाखेत त्या तरबेज असतात. सपाट विणीत एका ओळीला विणीच्या रुंदीच्या साधारण तिप्पट ते चौपट धागा लागतो. म्हणून शेवटी शेवटी त्या उरलेला धागा विणीवर आडवा टाकून मोजतात. चार वेळा पुरला तर ओळ निघते, आणि टाके बंद करायला तेवढाच वेगळा ठेवावा लागतो. रवा-मैदा मोजायला आणलेल्या वजनकाट्यावर गुंड्याही चढतात. अर्धे काम झाले आणि अर्ध्याहून जास्त गुंडी संपली, हे काट्यावर वेळीच कळते. कळल्यावर मावशी विणण्याचा वेग वाढवतात. लोकर संपायच्या आत काम संपवावे, असा त्यामागचा हिशोब असतो. तो चुकीचा आहे हे त्या स्वतःच जाणतात, पण वेग कमी करीत नाहीत.

काय करायचे ते वजनावरून ठरते. साठ-सत्तर ग्रॅमची मोठ्या माणसाची कानटोपी होते. पंचवीस-तीस ग्रॅमचे बाळाचे टोपडे, त्याहून कमी असेल तर पायमोजे. दहा-बारा ग्रॅमचा क्रोशाचा बैठा रुमाल होतो. तो चहाच्या कपाखाली ठेवायचा असतो, पण चहा सांडून डाग पडेल म्हणून कप त्याच्या शेजारी ठेवला जातो. पाच ग्रॅमचे फूल किंवा टोपीचा गोंडा. हाताच्या वितीएवढे तुकडे जपानी पद्धतीच्या अमिगुरुमी बाहुल्यांच्या पोटात भरले जातात. दोन पदरी धागे एकत्र घेऊन चार पदरीची जाडी साधता येते, ही सोय कळल्यापासून तर कोणताही धागा निरुपयोगी उरलेला नाही. कोंड्याचा मांडा करण्याची कला याहून पुढे नेता येणे कठीण आहे.

या सर्वांत श्रेष्ठ मानला जातो तो क्रोशाचा चौकोन. चार साखळ्या घालून त्यांचा गोल करायचा, गोलात तीन-तीन खांबांचे चार गट विणायचे, गटांमध्ये कोपऱ्याच्या साखळ्या सोडायच्या. पुढची फेरी दुसऱ्या रंगाची, त्यापुढची तिसऱ्या. पहिल्या फेरीला दीड-दोन मीटर धागा पुरतो, त्यामुळे अगदी शेवटचे टोकसुद्धा कामी येते. असे चौकोन जमवून जोडले की पांघरूण होते. रंग एकमेकांशी भांडतात, तेव्हा पुस्तकी उपाय असा, की प्रत्येक चौकोनाची शेवटची फेरी एकाच फिक्या रंगाची ठेवावी; म्हणजे सगळे गोतावळ्यात येतात. हा उपाय खरोखर गुणकारी आहे. मात्र तेवढी फिकी लोकर घरात नसते. मावशी दुकानात जातात आणि मोतिया रंगाच्या सहा गुंड्या घेतात. दुकानदार म्हणतो, ‘काकू, एक जास्तीची न्या.’ पांघरूण पूर्ण होते, जुन्या गुंड्या संपतात, आणि मोतिया रंगाची साठेक ग्रॅम लोकर उरते.

लोकरमावशींच्या अर्थव्यवस्थेचे सार एवढेच आहे. फुकटच्या लोकरीचे म्हणून जे पांघरूण होते, त्याला आयते पांघरूण जेवढ्यात मिळाले असते त्याहून जास्त पैसे लागलेले असतात आणि तीन महिने गेलेले असतात. हा हिशोब मांडून दाखवणाऱ्याला मावशी शांतपणे विचारतात, ‘मग काय, टाकून देऊ?’ यावर आजवर कोणाला उत्तर सुचलेले नाही.

लोकर अपुरी पडली तर जुने स्वेटर उसवले जातात. उसवलेला धागा नागमोडी झालेला असतो. तो खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, ओली करून खाली वजन लावून वाळत टाकावी, म्हणजे सरळ होतो. खुर्चीऐवजी यजमानांचे दोन हातही चालतात. खुर्ची बोलत नाही हा तिचा फायदा. यजमान सांगितल्यावर हात वर-खाली करतात हा त्यांचा. आपण धरलेली लड कालपर्यंत आपलाच बिनबाह्यांचा स्वेटर होती, हे त्यांच्या ध्यानात यायला बहुतेक वेळा अर्धी लड सरते. ‘अहो, कोपरं वर घ्या,’ एवढाच खुलासा तेव्हा मिळतो.

तयार वस्तूंचे वाटप नात्याच्या क्रमाने होते. नात्यात दिवस गेल्याची बातमी आली, की बाळंतविड्यासाठी टोपडे, कुंची, मोजे यांचे जोड सुरू होतात आणि बाळ जन्मायच्या आधीच त्याला तीन हिवाळ्यांचा पुरवठा झालेला असतो. परदेशातल्या मुलीकडे जाताना चकल्या आणि मेतकूट यांच्या मधल्या फटी मफलरींनी भरल्या जातात, त्यामुळे बरण्या फुटत नाहीत. मिनेसोटासारख्या ठिकाणी बर्फात हिरव्या-जांभळ्या-केशरी कानटोपीतले मूल लांबून ओळखू येते, हा फायदा मुलीनेच फोनवर कबूल केलेला असतो.

उरलेल्या लोकरीचा हा ध्यास मराठी घरांपुरता मर्यादित नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ च्या जूनपासून कपड्यांवर रेशन आले, विणायच्या लोकरीलाही कूपन लागू लागले. १९४३ साली तिथल्या माहिती मंत्रालयाने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका काढून आहे तेच कपडे डागडुजी करून वापरायला सांगितले. तिथे सरकारला पुस्तिका छापावी लागली. इथे ते काम सासूने एका वाक्यात केले. चेन्नईत २०१६ च्या जानेवारीत ‘मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स’ या गटातील बायकांनी चौकोन जोडून ११ हजार चौरस मीटरांहून मोठे क्रोशाचे पांघरूण केले आणि गिनेस विक्रम नोंदवला. लोकरमावशींना ही बातमी सांगितली की त्या आधी कौतुक करतात आणि मग विचारतात, ‘त्यांची लोकर किती उरली असेल?’

लोकरमावशींना सुधारण्याचा प्रयत्न करू नये. घरातली लोकर शून्यावर आणणे हे त्यांचे जाहीर उद्दिष्ट असले, तरी ते एखाद्या वर्षी खरोखर साधले तर मोठीच पंचाईत होईल. हातात काय घ्यायचे, हा प्रश्न संध्याकाळी साडेपाचला उभा राहील. शिल्लक आहे म्हणून विणकाम चालते आणि विणकाम चालते म्हणून शिल्लक राहते. तेव्हा ज्यांना पाच रंगांची कानटोपी मिळेल, त्यांनी ती घ्यावी आणि निदान एकदा मावशींच्या देखत घालावी. ‘कशाला एवढा त्रास घेतलात?’ असे म्हणू नये. त्रास झालेलाच नसतो. ‘छान आहे, अजून एक कराल का?’ असे तर मुळीच म्हणू नये. उरलेली लोकर अजून आहे.