गोळी आधी की चहा?

महिलांच्या आरोग्यासाठी सगळ्यांनी एकत्र यायचं असं महाडच्या बैठकीत ठरलं. महाड-पोलादपूरचे बचत गट, तरुण मंडळ, ज्येष्ठ नागरिक, मुंबईकर चाकरमान्यांचं मंडळ, सगळे एका आघाडीत. माझं अक्षर बरं, म्हणून मी समन्वयक. मी लगेच मुंबईच्या गर्भलिंगनिदानविरोधी मंचाचा दाखला ठोकला: ऐंशीच्या दशकात अशीच माणसं एकत्र आली आणि १९८८ साली या विषयावरचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात झाला! टाळ्या पडल्या. मग बॅनरवर महाड आधी की पोलादपूर, यावर बैठकांमागून बैठका झडल्या. मी वर्णानुक्रम सुचवला. पोलादपूर आधी आलं. महाडकर रुसले, त्यांची समजूत काढायला चहापान त्यांच्याकडे दिलं, गोळीवाटप पोलादपूरकरांकडे.

विषय होता रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना तो आढळला होता. बॅनरवर मी स्वतः मजकूर लिहिला: ‘लोहाच्या गोळीनंतर तासभर चहा टाळा, लिंबू घ्या.’

उमरठच्या वाटेवरची वाडी. लावणी उरकलेली, बायका देवळाच्या ओट्यावर बसलेल्या, पायांच्या बोटांत अजून चिखल. चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही, हे मी घसा फोडून सांगितलं. पत्रिकेत पुढे माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ११.१० गोळीवाटप, ११.१५ चहापान. महाडकर वेळेचे पक्के. गोळ्या पुरत्या वाटून होण्याआधीच किटली फिरली, तीही आलं घालून.

एका हातात लाल गोळी, दुसऱ्या हातात कप. पुढची आजी म्हणाली, “भाऊ, आधी काय गिळू?”

मी चहा थांबवा म्हणालो. “म्हणजे पोलादपूरची गोळी चालते, महाडचा चहा नाही?” किटलीवाले कडाडले. गोळीवाल्यांना चेव चढला. चाकरमान्यांनी मध्यस्थीसाठी समिती सुचवली.

तोवर वाडीच्या आशाताईंनी बायकांना सांगूनही टाकलं होतं, “गोळी पदराला बांधा. रात्री जेवणानंतर घ्या, मळमळणार नाही. भाकरीसोबत लिंबू पिळा. चहा आता प्या, निवतोय.”

बायका चहा पिऊन कामाला गेल्या. आम्ही समितीवर कोण कोण, ते ठरवत बसलो.

पेपरात फोटो छान आला. डोक्यावर बॅनर, ‘तासभर चहा टाळा’ हे ठळक अक्षरांत, आणि खाली मी, बशीत ओतून फुर्र करताना.