तुरुंग पाहावा बांधून

घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या मल्टनोमा काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच म्हणा) तुरुंग बांधून पाहिला. कायदे कडक होत होते, कैदी वाढणार असा अंदाज होता, म्हणून 1996 मध्ये मतदारांनी बांधकामासाठी रोखे काढायला होकार दिला. त्याच वर्षी राज्यभरच्या मतदारांनी मालमत्ता करालाही लगाम घातला. तुरुंग हवा, पण घरपट्टी वाढता कामा नये! 2004 मध्ये पोर्टलंडच्या उत्तर टोकाला 525 खाटांचा वापाटो तुरुंग 5 कोटी 80 लाख डॉलर खर्चून तयार झाला आणि त्यात एकही कैदी आला नाही. देखभालीवर मात्र दरवर्षी काही लाख डॉलर जात राहिले. कोठड्यांत गेलेच कोणी, तर चित्रीकरणाला आलेले नट. ते संध्याकाळी सुटत. सुरक्षेच्या दृष्टीने हा तुरुंग आदर्शच म्हणायचा, तिथून कधीच कोणी पळाले नाही.

रिकामा तुरुंग ही तर गुन्हे घटल्याची खूण, असे कोणी म्हणेल. तसे असते तर पेढे वाटले असते. पण त्याच काउंटीच्या दुसऱ्या तुरुंगांतून जागा नाही म्हणून कैदी मुदतीआधी सोडले जात होते. रोख्यांचा पैसा भिंतींना चालतो, पहारेकऱ्याच्या पगाराला चालत नाही, एवढीच मेख होती. आणि ती काही कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. शेजारच्या कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस काउंटीचा ‘ट्विन टॉवर्स’ तुरुंग 1995 मध्ये बांधून झाला आणि चालवायला पैसे नाहीत म्हणून 1997 पर्यंत कुलुपात राहिला. म्हणजे मल्टनोमाचे मतदार शिक्का मारत होते तेव्हा पुढचे ठेचकाळून पडलेले होते. मागच्याने शहाणे व्हायचे ते झाले नाही. त्याच लॉस एंजेलिसमधला 1963 चा जुना मध्यवर्ती तुरुंग बंद करायचे 2021 मध्ये ठरले, पण तो काही बंद होईना. एकाचे दार उघडत नाही, दुसऱ्याचे लागत नाही.

कारण नियोजन होते ते खाटांचे. मागच्या काही वर्षांचे आकडे घ्यायचे, रेघ पुढे ओढायची, ती टेकेल तिथे इमारत उभी करायची. जणू कैदी पावसासारखे आभाळातून पडतात. अमेरिकेतल्या काउंटी तुरुंगांत साधारण दोन-तृतीयांश लोक दोषी ठरलेलेच नसतात. आपल्याकडच्या भाषेत कच्चे कैदी. त्यातल्या अनेकांचा खरा गुन्हा जामिनाची रक्कम खिशात नसणे हाच. तेव्हा किती खाटा लागतील हे न्यायाधीश जामीन किती मागतो, तारीख कधी लागते आणि मनोरुग्णाला पोलीस कुठे नेतात यावर ठरते. वास्तुविशारदाला यातले काय विचारणार? खरेच धोकादायक माणसांना कुठे ठेवायचे, हा प्रश्न रास्त आहे. त्यांना कोठडी हवीच. पण ती मोजायची तर आधी बाकीच्यांना रांगेतून बाजूला काढावे लागते, आणि त्या कामाची कोनशिला बसवता येत नाही, फीतही कापता येत नाही.

2018 मध्ये वापाटो 50 लाख डॉलरला विकला गेला, म्हणजे खर्चाच्या डॉलरमागे नऊ सेंटही हाती आले नाहीत. 2020 मध्ये तिथे बेघरांसाठी निवारा सुरू झाला. खाटा लागणार, हा अंदाज तेवढा खरा ठरला.