घरचे नियम

पत्त्यांच्या खेळाचे नियम छापील पुस्तकात वाचून शिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ते आपल्याकडे येतात आजोळच्या लोणच्यासारखे, वाटेत थोडे सांडत, थोडे मुरत. मेंढीकोटच घ्या. चार भिडू, दोन जोड्या, दश्श्या पकडायच्या, इथवर सारा महाराष्ट्र एका मताचा असतो. पुढे मात्र प्रत्येक घर हे स्वतंत्र संस्थान. कुणाकडे हुकूम बंद ठेवतात, कुणाकडे उतारीचं पान नसलं की जे पडेल तोच हुकूम. भिडूला भुवई उडवून खुणावणं एका घरात गुन्हा असतो, दुसऱ्या घरात कौशल्य. नवी सून सासरी येते ती दागिन्यांबरोबर माहेरचे नियमही घेऊन येते. पहिल्या सणाच्या दुपारी ती हळूच म्हणते, ‘आमच्याकडे असं नसतं हं.’ सासूबाई तितक्याच हळू आवाजात म्हणतात, ‘आमच्याकडे असतं.’ दोन घराण्यांची खरी ओळख व्याहीभोजनात होत नाही, ती इथे होते. मला तर वाटतं, पानांच्या किंवा पटावरच्या कुठल्याही खेळात निम्मा खेळ या वादाचाच असतो. उरलेला निम्मा केवळ वादाला विषय हवा म्हणून.

२०२०च्या मार्चअखेरीस देशाची दारं बंद झाली आणि माळे उघडले. कॅरम खाली आला. त्याची राणी केव्हाच परागंदा झाली होती, तिच्या गादीवर कुठल्याशा कोटाचं लाल बटण बसलं. पत्त्यांच्या जोडात चौकट सत्ती नव्हती. फार पूर्वीच्या एखाद्या मे महिन्यात कुणीतरी जोकरच्या टोपीवर बॉलपेनने सात लिहून त्याला त्या जागेवर कायम केलं होतं. त्या पानाचा कोपरा दुमडलेला, त्यामुळे सत्ती कुणाच्या हातात आहे हे सगळ्यांना दिसे, आणि दिसत नसल्याचा अभिनय करणं हाही नियमच होता. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिडिया देशाची गोष्ट सांगून ठेवली आहे. तिथे दुष्काळ पडला तेव्हा लोकांनी म्हणे फासे आणि चेंडूचे खेळ शोधून काढले. एक दिवस नुसतं खेळायचं, जेवायचं नाही. दुसऱ्या दिवशी जेवायचं, खेळायचं नाही. असं करत त्यांनी अठरा वर्षं काढली. आम्ही लिडियाकरांइतके काटेकोर नव्हतो. आम्हाला दर डावाला काहीतरी खायला लागे. अर्थात ज्यांना घर होतं आणि त्यात बसून राहणं परवडत होतं, त्यांचीच ही गोष्ट. महामार्गाने गावाकडे चालत निघालेल्यांना त्या पटावर बसायला जागाच नव्हती.

आणि बाहेर जे चाललं होतं, त्याचा खेळ कुणालाच येत नव्हता. सरकारने जुन्या दप्तरातून १८९७चा साथरोग कायदा बाहेर काढला. मुंबईत प्लेग आला तेव्हा घाईघाईने केलेला हा कायदा तेव्हा अवघ्या चार कलमांचा होता, म्हणजे आमच्या लुडोपेक्षाही आटोपशीर. पण त्या वेळचे नियम वरून आले होते. पुण्यात सोजीर तपासणीसाठी थेट माजघरात आणि देवघरात शिरले. घरच्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्याची परिणती २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीत प्लेगच्या अधिकाऱ्यावरच्या गोळीबारात झाली, हे पुणं विसरलेलं नाही. २०२०मध्ये हुकूम वरून आले, तरी त्यांतल्या फटी घराघरांनी आपापल्या परीने बुजवल्या. दुधाची पिशवी साबणाने धुवायची की नुसत्या पाण्याने? भाजी किती वेळ उन्हात ठेवायची? वर्तमानपत्राला इस्त्री फिरवली तर अग्रलेखही सुरकुत्या सोडून येतो का? जिन्यात सहा फुटांवरून बायका एकमेकींना सांगत, ‘आमच्याकडे दोनदा धुतात हं.’ तोच सूर, मेंढीकोटच्या वेळचा. पुढे यांतले बरेचसे नियम निरर्थक ठरले. पण भीतीला नियमांत बसवलं की ती थोडी आपल्यातली होते, तिला कोपऱ्यात पाट देता येतो. तीन-तीनदा धुतलेल्या कोथिंबिरीला मी म्हणूनच हसत नाही. कुणीतरी कुणाच्या तरी जिवासाठी ती धूत होतं.

मग खेळ फोनमध्ये शिरला. नवी मुंबईत तयार झालेला आणि २०१६मध्ये आलेला लुडो किंग त्या उन्हाळ्यात घरोघरी पोचला. न्यू जर्सीतला चुलतभाऊ सकाळचा चहा घेत आणि आम्ही रात्रीची जेवणं आटोपून एका पटावर बसू लागलो. सोय मोठीच होती. फासा हरवत नव्हता, सोंगटी पलंगाखाली जात नव्हती. पण माईआत्या चार दिवसांत कंटाळली. तिची सगळी कला मोजण्यात. पाच पडले की ती ‘एक-दोन’ इतक्या लगबगीने म्हणायची की मधली दोन-तीन घरं लाजून आपणहून मागे सरत आणि सोंगटी नेमकी कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसे. फोन तिला मोजूच देईना. ‘यात मी काय करायचं? सगळं तेच करतंय,’ ती म्हणाली, आणि त्या तक्रारीत यंत्रयुगावरचे कित्येक ग्रंथ मावले असते. त्याच सुमारास दूरदर्शनवर महाभारत पुन्हा लागलं होतं. द्यूताचा प्रसंग पाहताना आत्या शकुनीवर मनापासून चिडली. ‘मेला, फासा नीट दाखवतही नाही!’

शेवटी चुलतभावाने तोडगा काढला. आत्याच्या घरी जुना पुठ्ठ्याचा पट होता. तो तिने मांडायचा, आम्ही सगळ्यांनी व्हिडिओ कॉलवर यायचं. आमच्या वतीने फासा ती टाकी, काय पडलं ते ती सांगे, आमच्या सोंगट्या ती चालवी, आणि कॅमेरा बहुतेक वेळ छताच्या पंख्याकडे रोखलेला असे. तीन वेगवेगळ्या गावांत बसून आम्ही त्या पंख्याकडे बघत हरत होतो आणि सुखात होतो. आत्या एकटी राहायची. तिला दिवसाकाठी तासभर चार जणांना फसवता आलं, यापेक्षा मोठी औषधयोजना त्या काळात आमच्यापैकी कुणाजवळ नव्हती.

गंमत म्हणजे साथीचाही पट आधीच निघालेला होता. मॅट लीकॉक या अमेरिकी खेळकर्त्याचा ‘पँडेमिक’ हा खेळ २००८पासून बाजारात आहे. नकाशावर अठ्ठेचाळीस शहरं, त्यांत आपली मुंबईही. चार रोग, आणि रोगांचे रंगीत चौकोनी ठोकळे एका शहरातून दुसऱ्यात सांडत जातात. खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतच नाहीत. कुणी डॉक्टर, कुणी शास्त्रज्ञ, आणि जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. चारही रोगांवर उपाय सापडला की डाव संपतो, टाळ्या वाजतात. मी तो खेळलो तेव्हा मला त्यातल्या माणसांचा फार हेवा वाटला. लस शोधून झाल्यावर ती घेण्यासाठी पहाटे रांगेत उभं राहायचं कलम त्यात नाही. हनुवटीवर मास्क लावणारा खेळाडू नाही. ‘आमच्या गल्लीत काही नाही हो’ असं सांगणारं पान नाही. नियम इतके नेटके की त्यात सबंध जग वाचवता येतं, पण आमची आत्या कुठे बसवायची ते कळत नाही.

लोकलमध्ये पत्ते खेळणाऱ्यांचं राज्यही मार्चमध्ये खालसा झालं. ठरलेली गाडी, ठरलेला डबा, चौघांच्या गुडघ्यांवर आडवी ठेवलेली ब्रीफकेस आणि उभ्या प्रवाशांचे न मागितलेले सल्ले. त्या चौघांना एकमेकांचे हात पाठ असतात, घरचे पत्ते मात्र बहुधा ठाऊक नसतात. ऑगस्ट २०२१मध्ये लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना गाड्या खुल्या झाल्या, आणि आमच्या डब्यातली मंडळी परत आली. पूर्वी ती मेंढीकोट खेळत. आता पाच-तीन-दोन खेळू लागली. हा तिघांचा खेळ. तीस पानं, दहा हात, एकाने पाच करायचे, एकाने तीन, एकाने दोन. कुणी काही सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. काही दिवसांनी एका नवख्या तरुणाने ‘मी बसू का चौथा?’ म्हटलं, तर त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सरकून त्याला खिडकीकडची जागा दिली. खेळ मात्र पाच-तीन-दोनच ठेवला. आळीपाळीने एकाने बाहेर बसायचं, असा नवा नियम त्या दिवशी कल्याण यायच्या आत ठरला.

बुद्धिबळ हा तसा घरच्या नियमांना भीक न घालणारा खेळ. पण साथीने त्यालाही वाकवलं. २०२०चं ऑलिम्पियाड इंटरनेटवर झालं. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी होता आणि संघात नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख होती, जिने पुढे २०२५मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला. ३० ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामना. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली आणि दुसऱ्या फेरीत ऐन वेळी इंटरनेट गेलं. भारताच्या निहाल सरीन आणि दिव्या यांचे डाव घड्याळात वेळ संपून गेले. आधी रशिया विजयी ठरला, भारताने दाद मागितली, आणि जागतिक महासंघाच्या अध्यक्षांनी निकाल दिला की सुवर्णपदक दोघांचं. समाजमाध्यमांवर पुष्कळ लोक नियमपुस्तक घेऊन भांडले. मला मात्र तो निकाल ऐकताच ओळखीचा वाटला. आजोळी दिवे गेले, पट अंधारात उधळला आणि दोन्ही बाजू ‘मीच जिंकत होतो’ म्हणून गळा काढू लागल्या, की आजी स्वयंपाकघरातून हाच निवाडा देत असे, दोघंही जिंकलात, हात धुवा आणि पानावर या. त्यावर अपील नसे. जगाच्या महासंघाला त्या निवाड्यापर्यंत यायला एक महामारी लागली, एवढाच काय तो फरक.