विकत घ्या, पण मालक होऊ नका

(सॉफ्टवेअरच्या नवशिक्या गिऱ्हाइकांसाठी)

साहित्य : एक कार्ड, एक ईमेल पत्ता आणि न वाचता मान डोलावण्याची तयारी. चष्म्याची गरज नाही.

कृती : आधी पैसे भरावेत. मग करारनामा उघडेल. हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेले नसून फक्त वापरायला दिले आहे, असे त्यात कुठेतरी खोलवर लिहिलेले असेल. घाबरू नये, 'मान्य' दाबावे. 'अमान्य' हेही बटण असते. पण ते दाबून गेलेले पैसे परत मिळवणे हा पुढच्या इयत्तेचा अभ्यास आहे.

गरज संपली तरी विकायला काढू नये. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके विकायची सवय असेल, तर विशेष जपावे. सिएटलच्या टिमथी व्हर्नर यांनी एका आर्किटेक्ट फर्मकडून ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या, अस्सल प्रती घेऊन ईबेवर मांडल्या. खालच्या कोर्टाने त्यांची बाजू घेतली. २०१० मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. आर्किटेक्टच मुळात मालक नव्हते, नुसते परवानाधारक होते. मग व्हर्नर कुठून मालक होणार? विकायची फारच हौस असेल तर युरोपात जन्म घ्यावा. तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये ऑरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीला सुनावले, की पैसे घेऊन कायमचा परवाना दिलात म्हणजे विकलेतच, कागदाला नाव काहीही द्या. विकणाऱ्याने स्वतःकडची प्रत तेवढी निकामी करायची. (अट रास्त आहे. लाडू खाऊन पुन्हा डब्यात कसा राहील?)

भारतात जन्म झालाच असेल, तर करखात्याकडे पाहून मन रमवावे. सॉफ्टवेअर हा माल नव्हेच, असे टीसीएसने सुप्रीम कोर्टात सांगून पाहिले. २००४ मध्ये कोर्ट म्हणाले, तयार पाकीटबंद सॉफ्टवेअर मालच आहे, विक्रीकर भरा. पुढे पुण्याच्या क्विक हीलकडे अँटिव्हायरसवर सेवाकर मागितला गेला, तेव्हा कंपनीचे म्हणणे उलट होते : ही तर मालाची विक्री! २०२२ मध्ये कोर्टाला तेही पटले. खोके तेच, कोणता कर टळतो ते पाहून ते माल होते किंवा होत नाही. हे निकाल दुकानात नेऊन दाखवू नयेत, ते करापुरते आहेत.

एक हक्क मात्र बिनधास्त वापरावा. प्रत हरवेल, बिघडेल या भीतीपोटी जादा प्रत काढून ठेवायची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने दिली आहे. त्यासाठी मालकी लागत नाही, कायदेशीर ताबा पुरतो. सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरला विचारल्याशिवाय चालत नसेल, तर ती प्रत शोकेसमध्ये ठेवावी.

सॉफ्टवेअर अचानक बंद पडल्यास : आधी इंटरनेट तपासावे, मग तारीख. युबिसॉफ्टने 'द क्रू' या मोटारशर्यतीच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागही त्याबरोबर गेला. गेमची डबी मात्र पूर्णपणे तुमची आहे. तीत टाचण्या छान राहतात.